ब्याण्णव किलो गूळ

प्रिय ईरा आणि निषाद,

दिवाळीत तुमच्या आईनं आपला जुना अल्बम कॉम्प्युटरवर चढवून तुम्हाला दाखवला. त्यानंतरच्या रविवारी ईरानं फोनवर मला विचारलं होतं, "आजी, त्या काळ्यापांढऱ्या फोटोंत सगळे इतके बारीक का आहेत? आपण गरीब होतो का?" आणि मागून निषाद ओरडला होता, "आणि यंदाच्या गणपतीच्या फोटोत सगळे इतके जाड का आहेत? आपण श्रीमंत झालो का?"

मी तेव्हा "दूध प्यायलात का?" असं विचारून विषय बदलला. बत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेल्या बाईला हे शोभत नाही. परंतु उत्तर माझ्याजवळ नव्हतं. ते शोधायला मी निघाले होते, असंही नाही. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात एका कामात माझे तीन दिवस गेले, आणि परत आल्यावर लक्षात आलं की तुमच्या प्रश्नाच्या आसपास कुठंतरी आपण फिरून आलो. आता एप्रिल आहे. त्या कामाचा शेवट काय झाला तेही कळलं आहे, म्हणून आज लिहिते. मराठी अवघड वाटलं तर आईकडून वाचून घ्या, पण तिला मधली वाक्यं गाळू देऊ नका.

प्रवास एकूण पंचवीस किलोमीटरचा. माणसं रोज एवढं अंतर नोकरीसाठी जातात आणि त्याला प्रवास म्हणत नाहीत. माझ्याबरोबर मात्र ब्याण्णव किलो गूळ होता.

त्याचं असं झालं. सुमनआजी म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण. लग्न होऊन ती पुण्याच्या पूर्वेला, सोलापूर रस्त्यावर, लोणी काळभोरला गेली. तिचा मुलगा शैलेश, म्हणजे तुमचा शैलेशमामा, सातव्या महिन्यातच जन्मला. मी बघायला गेले तेव्हा तो कापसात गुंडाळलेला होता आणि मला फक्त नाक दिसलं. त्या आठवड्यात सुमनआजीनं त्यांच्या मळ्यापलीकडच्या लक्ष्मीआईला नवस बोलला. पोर जगू दे, अंगानं भरू दे, त्याच्या भाराचा गूळ गावाला वाटीन. तराजूच्या एका पारड्यात मूल बसवायचं, दुसऱ्यात गूळ रचायचा, दोन्ही पारडी सारखी झाली की तो गूळ वाटून टाकायचा. याला तुला म्हणतात. त्यांच्याकडची रीत अशी, की तुलेचा गूळ मुलाच्या मामाच्या घरून यायला हवा. शैलेशचा मामा म्हणजे तुमचे आजोबा.

पहिल्या वाढदिवसाला आठ किलोत काम झालं असतं, पण तेव्हा घरात सुतक होतं. जावळाच्या वेळी करू म्हणाले, तर विहिरीचं काम निघालं. मग शाळेत घालताना, मग दहावीला, मग नोकरी लागल्यावर. दर वेळी काहीतरी आडवं येत गेलं, आणि दर वेळी गूळ वाढत गेला. लक्ष्मीआईनं मात्र आपलं काम चोख केलं. मूल जगलं, अंगानंही भरलं. आता पुरे, म्हणून तिला कुणी सांगितलं नाही.

यंदा सुमनआजीचे दोन्ही गुडघे बदलायचे ठरले. त्यांनी तिचा भार आणखी उचलायला नकार दिला होता. जानेवारीत तिचा फोन आला.

"वहिनी, ऑपरेशनच्या टेबलावर चढायच्या आधी नवस फेडायचा. दादा नाही, तर तुम्ही आणा गूळ."

"आणते, वन्सं."

"आणि एक सांगते." तिचा आवाज खाली गेला. "मला शुगर आहे. चार वर्षं झाली. शैलेशला बोलू नका. बिचारा रात्रभर जागून काम करतो, त्याच्या डोक्याला आणखी घोर नको. शपथ आहे माझी."

सुमनआजी बोलते पुष्कळ. चार वर्षं गप्प बसण्याची तिची ताकद पाहून मी थक्क झाले.

मला कामं पद्धतशीर करायची सवय. मी शैलेशला फोन करून त्याचं वजन विचारलं. "ब्याण्णव," तो ताबडतोब म्हणाला. शाळेत असताना इतक्या चटकन आलेल्या उत्तरावर मी कधी विश्वास ठेवला नाही. निवृत्तीनंतर माणूस ढिला पडतो.

मंडई, शुक्रवार

गुळाचं दुकान मंडईच्या मागच्या गल्लीत आहे. आधी सवयीनं मंडईत गेले. ज्या बाईकडून मी कित्येक वर्षं भाजी घेते ती मटार सोलत बसली होती.

"हे काय, आता दुकानातच सोलायला लागलात?"

"काय करू ताई? सोललेलाच मागतात. गाडी तिकडं चालू ठेवून काचेतून हात बाहेर काढतात. परवा एक बाई म्हणाली, मेथी निवडून ठेव, मी फोन करते."

"पुढच्या वर्षी चावून मागतील."

"मागू द्या," ती म्हणाली. "दात आहेत मला."

आमच्या काळी एक दिवसाआड दोन पिशव्या भरून मंडईतून घरापर्यंत चालत यायचं, तीन जिने चढायचे, याला आम्ही भाजी आणणं म्हणत असू. व्यायाम हा शब्द तालमीतल्या माणसांसाठी राखून ठेवलेला होता. आता भाजी घरपोच येते, आणि भाजी आणण्यात पूर्वी जे होत असे त्यासाठी आमच्या सोसायटीतल्या बायका वेगळा क्लास लावून तिथं गाडीनं जातात. मी हे बोलून दाखवलं होतं, तेव्हापासून त्या मला लिफ्टमध्ये भेटल्या की मोबाईलकडे पाहतात.

गुळाच्या दुकानदारांनी वर न बघता विचारलं, "काय पाहिजे?"

"गूळ."

"इथं तोच मिळतो."

"ब्याण्णव किलो."

मग त्यांनी चष्मा काढला. "कार्य आहे?"

"तुला आहे. नवसाची."

"मुलगा किती महिन्यांचा?"

"तेहतीस वर्षांचा."

त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा लावला. "फार घाई केली नाहीत तुम्ही. पूर्वी आमच्याकडून तुलेचा गूळ पिशवीतून जायचा. आता टेम्पो लागतो. धंदा म्हणून माझी काही तक्रार नाही."

"गूळ कुठला आहे?"

"लोणीच्या बाजूचा. चांगला आहे."

"मी तो लोणीलाच नेतेय."

"मग रस्ता त्याला पाठ असेल," ते म्हणाले.

दहा-दहा किलोच्या नऊ ढेपा आणि वर दोन किलो सुटा. हमाल साठीचे होते. अंगावर चिमूटभर मांस जास्तीचं नाही, पोटऱ्या दोरखंडासारख्या. तीन-तीन ढेपा पाठीवर घेऊन तिसऱ्या मजल्यापर्यंत तीन खेपा केल्या त्यांनी, कारण आमची लिफ्ट त्या दिवशी बंद होती. मी पाणी दिलं तेव्हा म्हणाले, "माझा पोरगा रिक्षा चालवतो, बाई. पंचविशीत पोट सुटलंय. मी त्याला म्हणतो, बापानं ओझं पाठीवर वाहिलं, तू पुढं वाहतोयस."

रात्रीतून मुंग्यांना पत्ता लागला. सकाळी पॅसेजमधल्या ढेपांकडे एक सरळ काळी रांग निघाली होती, इतकी शिस्तीची की मला शाळेची प्रार्थना आठवली. माझी सगळी ताटं आणि पराती पाण्यानं भरून मी नऊ ढेपा नऊ बेटांवर ठेवल्या आणि उभ्यानं चहा प्यायले.

हडपसर, शनिवार

टेम्पोच्या पुढच्या सीटवर बसून मी हडपसरला पोचले. तुमचे आजोबा तरुणपणी इथं सायकलवरून ताज्या भाजीसाठी येत. तेव्हा इथं मळे होते. आता त्या मळ्यांवर काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि त्यांना इंग्रजीत बागांची नावं दिली आहेत.

शैलेश अकराव्या मजल्यावर एकटाच राहतो. फाटकावरच्या रखवालदारानं टेम्पो अडवला. वाशिमकडचा मुलगा, असेल तेवीस-चोवीसचा. गणवेशाच्या बाह्यांत त्याचे हात हरवले होते.

"यात काय हाय आजी?"

"गूळ."

"येवढा?" त्यानं ताडपत्री उचलून पाहिली. "लगन हाय का?"

मी सांगितलं. तो हसला. "माही माय पण नवस बोलली हाय. फोन केला का पुसते, जाडा झाला का रे? पुण्याले जो जाते तो जाडा होऊनच येते म्हणते. मी बारा घंटे उभा राहतो आजी, दोन भाकरी खातो, कुठून जाडा होऊ? मागच्या येळी घरी गेलो त रडली. म्हणे, तुले तिथं काम भेटलं नाही, तू खोटं सांगतं."

म्हणजे एका इमारतीच्या तळाशी एक आई मुलगा भरत नाही म्हणून रडत होती, आणि अकराव्या मजल्यावर जो राहत होता त्याच्या आईचा नवस भरून वाहत होता. मधे फक्त लिफ्ट होती. मी त्या मुलाला सुट्या गुळातला एक टवका काढून दिला. म्हणून नव्वदाच्या वरचा सुटा गूळ दोन किलोला थोडा कमी भरला. हे मी मुद्दाम नोंदवते, कारण पुढं जे झालं त्याचं खापर या टवक्यावर फोडता येणार नाही.

शैलेश दुपारी एक वाजता नुकता उठला होता. त्याचं ऑफिस तुमच्या देशाच्या घड्याळावर चालतं. तुम्ही नाश्ता करता तेव्हा तो कामाला बसतो. तुम्ही शाळेत डबा उघडता तेव्हा तो जेवतो, आणि तुम्ही घरी परत येता तेव्हा त्यांच्या कॅन्टीनमध्ये सामोशांची दुसरी फेरी येते, फुकट. सामोसा खाल्ला नाही तर टीममध्ये मिसळत नाही असं म्हणतात, असं त्यानं सांगितलं. बढतीच्या वेळी पिझ्झा, कुणी नोकरी सोडली तर केक, काम वेळेत झालं तर बिर्याणी आणि नाही झालं तर जागरणासाठी पुन्हा पिझ्झा.

खोलीच्या कोपऱ्यात व्यायामाची सायकल होती. तिच्यावर शर्ट वाळत होते. सायकलीविषयी बोलायला मला तोंड नव्हतं. कारण आठवीपासून बारावीपर्यंत शैलेश शिकायला आमच्याकडे पुण्यात होता, आणि दहावीच्या वर्षी त्याची सायकल मीच कुलपात ठेवली होती. खेळ बंद, भटकणं बंद, पाठांतर चालू. त्याला शाळेत पोचवताना सुमनआजी म्हणाली होती, "वहिनी, मार्कांचं तुम्ही बघा, पण पोराला अंगानं भरू द्या." मी दोन्ही जबाबदाऱ्या घेतल्या. पानात काही टाकायचं नाही, हा आपल्या घरचा नियम. पान किती भरायचं, याचा मात्र नियम नव्हता. ते मी भरत असे.

माझ्याबरोबर एक वही होती. त्या काळी चित्रपटगृहाच्या दारात वजनाचं यंत्र असे, नाणं टाकलं की खडखडून एक पुठ्ठ्याचं तिकीट पडे. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी शैलेशला तिथं नेत असे आणि तिकीट वहीत चिकटवत असे. त्याला गंमत वाटेल म्हणून मी ती वही आणली होती.

तो बराच वेळ पानं उलटत राहिला.

"मामी, वजन वाढलं की तू शेजारी बरोबरची खूण करायचीस?"

"हो."

"आणि इथं लाल शाईत लिहिलंयस, उत्तम प्रगती." तो हसायला लागला. "आणि हे काय? मला कावीळ झाली होती तेव्हा दोन किलो उतरलं, तिथं, लक्ष द्यावे!"

तो पोट धरून हसला. मी हसले नाही. इंग्रजीच्या पेपरात एखादी चूक मी पाच वर्षं बरोबर म्हणून तपासली असती, तर नोकरी गेली असती.

मग हसणं थांबवून तो म्हणाला, "मामी, मी उद्या येत नाही."

"का?"

"ब्याण्णव दोन वर्षांपूर्वीचं आहे. आता किती ते मी पाहिलेलंच नाही. आणि..." त्यानं वही मिटली. "मला शुगर निघालीये. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवलंस तर निभावेल, नाहीतर वडिलांचं वय आठव."

त्याचे वडील, म्हणजे सुमनआजीचे यजमान, बावन्नाव्या वर्षी शेतावर बसल्या जागी गेले. हृदय. तेही चांगले भरलेले होते, आणि गाव त्याबद्दल कौतुकानं बोलत असे.

"आईला सांगू नकोस. तिचं ऑपरेशन आहे. उद्या ती सगळ्यांसमोर गुळाचा पहिला खडा माझ्या तोंडात घालणार. मी नाही कसं म्हणू?"

"तोंड मिटून."

"आईसमोर?" तो म्हणाला. "तू कधी मिटलंस?"

एकाच घरातली दोन गुपितं आता माझ्याकडे होती, दोन्ही शपथेवर, आणि खाली टेम्पोत तो गूळ.

संध्याकाळी त्यानं मला जेवायला नेलं. हॉटेल त्याच आवारात होतं, खिडकीतून दिसत होतं. आम्ही लिफ्टनं तळघरात गेलो, गाडीत बसलो, गाडी लावायला जागा मिळेना म्हणून दोन फेऱ्या मारल्या, आणि परत जवळजवळ त्याच्याच तळघराशी गाडी लावून जेवायला गेलो. जेवण छान होतं. मी पान स्वच्छ केलं आणि मग स्वतःवरच चिडले.

सकाळी मी उठले तेव्हा तो नवा कुर्ता घालून सोफ्यावर बसला होता.

"आईचा फोन आला होता," तो म्हणाला. "तासभर ओट्याशी उभं राहून पुरण वाटलंय म्हणे. त्या गुडघ्यांनी. चल."

लोणी काळभोर, रविवार

सुमनआजी फोनवर पुण्याची बोलते आणि अंगणात लोणीची. आम्ही पोचलो तेव्हा ती खुर्चीत बसून हाका मारत होती, "आलात का वैनी! आधी खाऊन घ्या, मग देवाकडं." पुरणपोळी, वर तूप, आणि दुसरी नको म्हटलं तर तिसरी. नको म्हणणं तिथं भूक असल्याचं लक्षण मानतात.

लक्ष्मीआई कालव्याच्या पलीकडे आहे. कालव्याच्या भरावावरून एक पायवाट जाते, बाभळींच्या सावलीतून, अर्धा मैल जेमतेम. मी छत्री घेऊन त्या वाटेला लागले, तर सगळ्यांनी मला परत बोलावलं.

"अहो मामी, जीप काढलीया!"

"पायवाट आहे की."

"हाय की," शेजारचे बाबूराव अण्णा म्हणाले. "पर चालतंय कोण?"

बाबूराव अण्णा ऐंशीचे आहेत आणि तराजू त्यांचा. दोन जीप, सहा मोटारसायकली आणि माझा टेम्पो अशी मिरवणूक सोलापूर रस्त्यानं वळसा घालून निघाली. अर्धा मैल टाळण्यासाठी आम्ही दोन मैल गेलो. वाटेत ढाबे, प्लॉटचे फलक, पुन्हा ढाबे. अण्णा माझ्या शेजारी बसून बोलत होते. "पूर्वी बाया पान्याला कालव्यावर जायाच्या, दळन हातानं, जळन डोक्यावर. आता नळ आला, गिरनी आली, ग्यास आला. लई बरं झालं. माझी म्हातारी त्या कामानंच गेली, मी खोटं न्हाई बोलनार. पर खानं तेवढंच ऱ्हायलं वैनी. खानं कमी कराया कुनी सांगितलंच न्हाई."

बत्तीस वर्षं नोकरी करून मला याहून नेमकं काही सांगता आलेलं नाही.

चिंचेच्या जाड फांदीला तराजू टांगला होता. साखळ्यांना लाकडी फळ्यांची पारडी. पूर्वी यावर गुळाची आणि कांद्याची पोती चढत. शे-सव्वाशे माणूस जमलं होतं. शैलेश एका पारड्यात मांडी घालून बसला, डोळे जमिनीकडे. दुसऱ्यात मी माझ्या देखरेखीखाली नऊ ढेपा रचून घेतल्या आणि वर सुटा गूळ ठेवला.

शैलेशच्या पारड्यानं जमीन सोडली नाही.

मग मागून एक बाई म्हणाली, "मामी, गूळ मोजून आनला न्हवं?"

"मोजून आणलाय," मी म्हणाले.

"मग पोरगं मोजून आनायचं हुतं!"

सगळं गाव हसलं. शैलेशच्या मानेवर लाली चढलेली मला मागून दिसत होती. गूळ कमी पडला तर नवस अपुरा राहतो, आणि पारड्यातला माणूस उठून गेला तर मोडतोच. तो बसून राहिला. जवळच गुऱ्हाळ चालू होतं, तिथला मालक माझ्या ढेपा निरखून म्हणाला, "ह्ये तर आमचंच की! मंगळवारी पुन्याला धाडलं हुतं." त्यानं मोटारसायकलवरून आणखी ढेपा आणल्या, कोमट, ओलसर. पैसे मी दिले, म्हणजे त्याही मामाच्या घरच्या झाल्या. एक ठेवली. पारडं हललं नाही. दुसरी ठेवली. साखळी करकरली, फळी थरथरली आणि शैलेश हळूहळू जमिनीवरून उचलला गेला. पोरांनी ढेपा मोठ्यानं मोजल्या आणि ओरडली, "एकशे बारा!"

दोन वर्षं न पाहिलेला आकडा त्याला असा कळला, हवेत लोंबकळताना.

सुमनआजीला दोघींनी धरून पुढं आणलं. तिचे डोळे भरले होते. "आईनं भरभरून दिलं गं," असं म्हणत तिनं नव्या ढेपेचा खडा फोडला आणि त्याच्या तोंडाशी नेला. "आ कर."

"नको, आई."

"नवसाचा हाय. एकच खडा."

"आई, शुगर आहे."

तिचा हात तिथंच थांबला. मग ती वळली ती माझ्याकडे. "वहिनी! शपथ घातली होती मी तुम्हाला. सांगितलंत ना त्याला माझं?"

"मामीनं काय सांगितलं?" पारड्यातून शैलेश म्हणाला. "मी माझं सांगतोय."

"तुझं?"

"मग कुणाचं?"

दोघं एकमेकांकडे पाहत राहिली. तो हवेत, ती दोघींच्या खांद्यावर. मग दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं. मी छत्रीची दांडी नीट धरली.

"तू एवढा होतास," सुमनआजी शेवटी म्हणाली आणि तिनं तळहात पुढं केला. खडा अजून त्यातच होता. "एवढा. मला वाटलं, भरलेलं पोर म्हणजे वाचलेलं पोर. मी तुला भरवतच राहिले रे."

"मामीनं पण भरवलं," शैलेश म्हणाला. "खूण करून."

हे ऐकून मात्र मला हसू आलं, आणि मग बाकीचंही काही आलं ते मी पदरानं पुसलं.

बाबूराव अण्णा खाकरले. "ते झालं. पर पयला खडा कुनी खायाचा? त्याबिगर वाटता येत न्हाई."

सुमनआजीला धरून उभी असलेली एक जाऊ म्हणाली, "मला नगं. मलाबी हाय." दुसरी म्हणाली, "मला बी. मागल्या वर्षापासनं." मागून पोलादी आवाजाच्या सरपंचबाई म्हणाल्या, "माज्या मालकाला हाय, पर त्येला म्हाईत न्हाई." एकेकीनं हळूच हात मागं घेतला. ज्या गावाचा ऊस पुण्याला गोड करतो, तिथं पहिला खडा खायला माणूस मिळेना. शेवटी अण्णांनी माझ्याकडे बोट केलं. "मामाच्या घरचं मानूस. अन् ह्यांच्या अंगावर हाय काय? खावा वैनी."

दोन जेवणांच्या मधे मी चाळीस वर्षांत काही खाल्लेलं नाही. खाल्ला. कोमट होता. फार चांगला होता.

गूळ घरोघर वाटायला टेम्पोत चढवला. शैलेश पारड्यातून उतरला, फळीला हात लावून थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "मामी, तू सकाळी कुठल्या वाटेनं निघाली होतीस?"

"तू चाल," सुमनआजी म्हणाली. "मी जीपमधून बघते तू खरंच चालतोस का ते."

आम्ही दोघं कालव्यावरून निघालो. तो तीनदा थांबला. दोनदा दम लागला म्हणून आणि एकदा खंड्या पक्षी बघायला, असं तो म्हणाला. घरी पोचलो तेव्हा अंगणात कुणी नव्हतं. दोन्ही जीप हायवेच्या गर्दीत अडकल्या होत्या. आम्ही पायरीवर बसून पाणी पीत होतो, तेव्हा त्या आल्या.

पुणे, घरी

सुमनआजीचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी तिला चालायला सांगितलं आहे आणि तिनं डॉक्टरांना पुष्कळ सुनावलं आहे, पण ती चालते. शैलेशनं दिवसाची पाळी मागून घेतली. सामोसे दिवसाही येतात, असं तो सांगतो. दर रविवारी तो लोणीला जातो. आई वॉकर घेऊन पहिल्या बाभळीपर्यंत, मग दुसऱ्या बाभळीपर्यंत, आणि तो पुढं लक्ष्मीआईपर्यंत जाऊन परत. महिन्यातून एकदा अण्णा त्याला पारड्यात बसवतात आणि समोर ज्वारीची पोती ठेवतात. मागच्या वेळी पारडं थोडं हललं. कुठल्या बाजूला, यावर त्याचं आणि अण्णांचं एकमत नाही. आईला आता तो आकडा सांगतो, आणि ती तिच्या रिपोर्टचा सांगते. मला दोघंही काही सांगत नाहीत, कारण मला सांगितलेलं पुढं पोचत नाही हे सिद्ध झालं आहे.

ती वही मी शैलेशला दिली. त्यानं पुढचं कोरं पान उघडून स्वतःच्या हातानं एकशे बारा लिहिलं आणि खूण करायची जागा मोकळी ठेवली.

ईरा, निषाद, फोटोतली ती माणसं गरीब होती म्हणून बारीक, आणि आम्ही श्रीमंत झालो म्हणून असे झालो, एवढंच त्यात नाही. त्या फोटोतल्या सगळ्यांना कुठंतरी चालत जायचं होतं, आणि कुणाच्या पानात काय वाढायचं हे ठरवणाऱ्या बायकांजवळ वाढायला फारसं नव्हतं. मग वाढायला मिळालं, आणि आम्ही वाढत राहिलो. उन्हाळ्यात याल तेव्हा मी तुमच्या पानात पहिल्यांदा जेवढं वाढीन तेवढंच वाढीन. ते संपवायलाच हवं असं नाही. हे लिहिताना मला किती त्रास झाला ते आईला विचारा.

मग आपण लोणीला जाऊ. ढाबे वाढले आहेत, प्लॉट पडत आहेत, गुऱ्हाळ पुढच्या वर्षी असेल का ते मालकाला माहीत नाही. कालव्यावरची पायवाट अजून आहे.

तुमची,
आजी